गाव कुठलं म्हणालीस?

माणूस एकटा येतो आणि एकटाच जातो असं ज्या थोर पुरुषांनी सांगून ठेवलं, ते कर्जत तालुक्यात कधी पाणी प्यायला थांबले नसावेत. थांबले असते तर पाण्याचा दुसरा घोट पोटात जायच्या आत त्यांचं गाव, आडनाव, आईचं माहेर आणि बहिणीला दिलेलं घर बाहेर निघालं असतं, आणि रिकामा पेला खाली ठेवताना त्यांना कळलं असतं की समोर बसलेली बाई आपल्या चुलत मामीची सख्खी नणंद आहे. त्यानंतर एकटं जाण्याचा प्रश्नच उरला नसता. स्टँडपर्यंत सोडायला कुणीतरी नक्की आलं असतं.

या व्यवस्थेला ओळख काढणे असं म्हणतात. तिला सरकारी अनुदान नाही (म्हणूनच ती चालते). पद्धत सोपी आहे. आधी गाव विचारायचं, गावावरून आडनाव, आडनावावरून आळी. बाई असेल तर माहेर आणि सासर अशा दोन्ही बाजूंनी खणता येतं, त्यामुळे बाईची ओळख पुरुषाच्या निम्म्या वेळात निघते. शंभर परक्या माणसांपैकी सत्त्याण्णवांची ओळख चहाला उकळी येईपर्यंत निघते असा जाणकारांचा अंदाज आहे. उरलेले तिघे विजेचा मीटर बघायला आलेले असतात. त्यांचीही निघते, पण कामावर असताना ते कबूल करत नाहीत.

ओळख निघाली की शेवटची पायरी म्हणजे संबंधितांना फोन. "तुमची मानसं आमच्याकडं हायेत बरं का, काळजी करू नका." या फोनमुळे तालुक्यात सहसा कुणी हरवत नाही. (आपण सापडू नये अशी ज्यांची इच्छा होती, त्यांची मोजदाद कुणी केलेली नाही.)

तेजश्रीची तशी इच्छा होती.

ती खालापूरकडच्या एका गावातून पळून आली होती. पळून हा गावाचा शब्द. प्रत्यक्षात ती सकाळी सासूला "भाजी आनते" म्हणाली, सासूने "कोथिंबीर बघून घे, मागल्या टायमाला पिवळी आनलीस" असं बजावलं, आणि ती पिशवी घेऊन शिळफाट्याला आली. तिथे भाजीवाल्यांच्या रांगेवरून शांतपणे चालत जाऊन जी पहिली गाडी सुटत होती तीत बसली. पिशवीत दोन साड्या होत्या आणि आधारकार्ड.

कारण फार काही वेगळं नव्हतं. नवरा मारायचा. त्याचं नाव अक्षय. त्याच्या बाजूने सांगायचं तर रोज मारायचा नाही, आणि पाहुणे असले की अजिबात नाही. एकदा तिच्या डाव्या मनगटाचं हाड मोडलं ते तिरकंच जुळलं. याआधी ती दोनदा माहेरी निघून गेली होती. दोन्ही वेळा माहेरच्यांनी तिला पोटभर जेवू घातलं, नवी साडी नेसवली, ओटी भरली आणि मामाच्या टेंपोत बसवून सासरी परत पोचवलं. दुसऱ्या खेपेला प्रकरण पोलिसांपर्यंतही गेलं. तिथे साहेबांनी दोन्ही बाजूंना चहा पाजून समेट घडवून आणला आणि अक्षयच्या पाठीवर थाप मारली. तेव्हा तेजश्रीच्या लक्षात आलं की आपल्याशी सगळेच फार चांगले वागतात, आणि हे असंच चालू राहिलं तर आपण मरू.

म्हणून तिला एक खोली हवी होती, थोडं काम हवं होतं, आणि कुणी ओळख काढायला नको होती. पहिल्या दोन गोष्टी कर्जत तालुक्यात मिळण्यासारख्या होत्या.

गाडी कडावला थांबली तशी ती उतरली. घसा कोरडा पडला होता, समोरच्या घराच्या ओट्यावर एक बाई तांदूळ निवडत बसली होती, म्हणून तेजश्रीने पाणी मागितलं. ही चूक होती. ओट्यावर विमलबाई होत्या. विमलबाईंनी एकदा कुरियर घेऊन आलेल्या बिहारच्या माणसाचीही ओळख काढली होती. तो भिसेगावात ज्या बाईच्या खोलीत भाड्याने राहत होता, ती त्यांच्या जावेची मावसबहीण निघाली. तेव्हापासून तो पार्सल नसलं तरी चहाला येतो.

"ये, बस गं बाय," विमलबाई म्हणाल्या आणि तांब्या पुढे केला. "गाव कुठलं म्हनालीस?"

तेजश्रीने अजून काहीच म्हटलं नव्हतं. तिने पाणी प्यायला जमेल तेवढा वेळ लावला. तेवढ्यात तिला रस्त्याच्या पलीकडे, शेताच्या कडेला, तीन मोठ्या गाड्या दिसल्या, छत्र्या दिसल्या, आणि छत्र्यांखाली काहीच न करता अत्यंत घाईत असलेली माणसं दिसली.

"मी शूटिंगमधली हाय," ती म्हणाली.

विमलबाईंचा चेहरा उतरला. सिनेमावाल्यांना गाव नसतं, हे या भागात सर्वांना अनुभवाने माहीत आहे. वर्षानुवर्षं इथे शूटिंगं होतात. इथल्या एकेका विहिरीत चार-चार नायिकांनी जीव दिलेला आहे आणि संध्याकाळी त्याच काठावर बसून भजी खाल्लेली आहेत. या लोकांना गाव विचारलं की ते अंधेरी सांगतात. अंधेरीत कडावच्या कुणाची सोयरीक नसल्याने तपास तिथेच थांबतो. विमलबाईंनी एक सुस्कारा सोडला आणि मागची खोली राहायला दिली. आतून कडी होती. तेजश्रीने ती लावून पाहिली, काढली, आणि पुन्हा लावून पाहिली.

आता शूटिंगमध्ये असणं भाग होतं. ती शेताच्या कडेला जाऊन उभी राहिली. तिथे कर्जतचा शकूर पातेली मोजत होता. कुठलंही शूटिंग आलं की युनिटला जेवण पुरवणं आणि गर्दीच्या प्रसंगांना गावातली माणसं पुरवणं, अशी दोन्ही कंत्राटं त्याच्याकडे असतात. (गर्दीला जेवण पुरवणं मात्र करारात बसत नाही.)

"गावातली ना तू?" त्याने मान वर न करता विचारलं.

"हा," तेजश्री म्हणाली.

अशा रीतीने गावाला वाटलं ती सिनेमातली, आणि सिनेमाला वाटलं ती गावातली. दोन मोठ्या यंत्रणांच्या मधल्या फटीत माणूस बसला की त्याची जबाबदारी कुणावरच येत नाही, आणि तो तिथे सुखाने राहू शकतो. आपल्याकडे काही खाती पन्नास वर्षं अशीच चाललेली आहेत.

सिनेमा उच्च दर्जाचा होता, म्हणजे त्यात कुणी हसत नव्हतं. घरातून पळून आलेली एक बाई नवं आयुष्य शोधत गावोगाव फिरते आणि ते तिला कुठेच मिळत नाही, अशी कथा होती. बाईला नाव नव्हतं. संपूर्ण सिनेमात आठ संवाद होते, त्यातले पाच वाऱ्याचे. दिग्दर्शकाला उदास, राखाडी प्रकाश हवा होता आणि कर्जतचं ऊन काही केल्या उदास होईना, म्हणून बांधावर काळं कापड ताणून त्याची सोय केली होती. नायिकेने नेसायची फाटकी साडी मुंबईत तिघांनी आठवडाभर खपून फाडली होती. तशा दोन साड्या होत्या, कारण नायिकेचं काम करणाऱ्या मॅडमना बांधावरून चालता येत नव्हतं. चालताना पाठमोरी दिसायला दुसरी बाई लागणार होती आणि तेजश्रीची उंची नेमकी जुळत होती.

पहिल्याच दिवशी दिग्दर्शक तिच्यावर वैतागला. "अगं, तू पळून आली आहेस! मागे वळून बघ, अडखळ, धाप लागू दे. पळून जाणारी बाई अशी चालते का, भाजी आणायला निघाल्यासारखी?"

तेजश्रीला या विषयावर थोडंफार सांगता आलं असतं. पण जागा अडचणीची होती. ती म्हणाली, "बरं साहेब," आणि पुढच्या वेळी अडखळली. सगळ्यांनी ते फार खरं वाटतंय असं सांगितलं. ते दिवस तिला आवडले. सेटवर तिला फक्त ब्लाउजचं माप विचारत आणि संध्याकाळी विमलबाई फक्त जेवलीस का ते विचारत. रात्री कडी आतून असे. माणसाला याहून जास्त काय लागतं ते तिला आठवेना.

अडचण दाराच्या प्रसंगात आली. नायिका दारोदार आसरा मागते आणि गाव तिच्या तोंडावर दारं लावतं, असा तो प्रसंग होता. गाव म्हणून गावच घेतलं होतं. विमलबाईंकडे पहिलं दार होतं. त्यांनी फक्त बाईकडे थंड नजरेने बघायचं आणि दार लावायचं. कॅमेरा सुरू झाला, तेजश्रीने पाठमोरं दार ठोठावलं, विमलबाईंनी उघडलं आणि त्या म्हणाल्या, "अगं बाय, उन्हाची कशापायी फिरतंस? आत ये, पानी पी."

दिग्दर्शकाने समजावलं. दुसऱ्या वेळी विमलबाईंनी थंड नजरेने बघितलं, दार लावायला घेतलं, आणि फटीतून भाकरी पुढे केली. तिसऱ्या वेळी त्यांना रडू आलं. शेजारचं दार आबाजींकडे होतं. आबाजी गावातले जाणते, दोन भांडणाऱ्यांना एकत्र बसवून जेवू घातल्याशिवाय न सोडणारे म्हणून प्रसिद्ध. ते पुढे आले.

"साहेब, ह्ये आमाला जमायचं नाय," ते म्हणाले. "आमच्या गावात बाईमानसाच्या तोंडावर दार लावत नाय कोनी. आमी तिला आत घेतो. चाय देतो, जेवू घालतो. आनि तिच्या मानसांना बोलावून नीट त्यांच्या हवाली करतो."

गावकऱ्यांनी माना डोलावल्या. फाटक्या साडीतली तेजश्री दोन पावलं मागे सरकली. बाकी कुणाला या वाक्यात वावगं काही दिसलं नाही.

दुपार उतरणीला लागली होती. दिग्दर्शकाने हात टेकले आणि मग, मोठ्या कलावंतांचं होतं तसं, हात टेकण्यालाच शैली ठरवलं. "ठीक आहे. संवाद वगैरे विसरा. मावशी, खरोखर अशी बाई दारात आली तर तुम्ही जे कराल तेच करा. आणि तू, जे सुचेल ते बोल. फक्त खरं वाटलं पाहिजे."

दार उघडलं. विमलबाईंनी तिला उंबऱ्यात बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. कितीतरी दिवस मनात दाबून ठेवलेला प्रश्न त्यांना आता चक्क साहेबांच्या परवानगीने विचारता येणार होता.

"दमलीस गं. माहेर कुठलं तुजं?"

या प्रश्नाला खोटं उत्तर देण्याचं शिक्षण या भागात कुठेच मिळत नाही. माणूस कोर्टात खोटं बोलेल, देवाची शपथ घेऊन बोलेल, पण पाणी पिताना, पाठीवर हात असताना, कुणी माहेर विचारलं की उत्तर आपोआप बाहेर येतं. सासरचं नाव घ्यायचं नाही हे तेजश्रीने घट्ट ठरवलं होतं. माहेराकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. तिने खरं गाव सांगितलं.

विमलबाईंचे डोळे चमकले. "म्हंजी टेंपोवाल्या धोंडीच्या गावची? धोंडीची कोन तू?"

"भाची," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला कळलं. तिने विमलबाईंचे दोन्ही हात धरले. "मावशी, कुनाला सांगू नका ओ. तुमच्या पाया पडते. मला परत धाडतील. ह्यो हात त्यानंच मोडलाय. आता गेले तर जिती नाय ऱ्हायची मी."

आबाजींनी पंच्याने डोळे पुसले. काळं कापड धरून उभे असलेले दोघे हुंदके देत होते, त्यामुळे प्रकाश जरा हलला, पण दिग्दर्शकाने तेही चालेल म्हणून सांगितलं. "कट" म्हणताना त्याचा स्वतःचा आवाज कापरा झाला होता. मग टाळ्या पडल्या, त्या थांबेनात. एवढा खरा अभिनय आपण बघितला नाही असं प्रत्येक जण प्रत्येकाला सांगत होता. हात मोडल्याचं, भीतीचं आणि मरणाचं जे काही ती बोलली, तो तिचा अभिनय ठरला. गाव आणि मामा मात्र सर्वांनी खरे धरले.

ती साडी बदलून येईपर्यंत विमलबाईंचा फोन झालासुद्धा होता. त्यांच्या तोंडावर नुसता आनंद होता.

"अगं, आधी का नाय सांगितलंस धोंडीची भाची म्हनून? त्याची बायको माज्या भावजयीच्या माहेरची! म्या सांगितलं त्याला, तुमची तेजू पिच्चरमदी काम करतंय, समद्यांना रडवलान. लय आनंद झाला त्याला. तुज्या सासरी पन कळवलंय त्यानं. उद्या सकाळी टेंपो करून येतायत समदी. जावई पन येतायत गं!"

विमलबाईंनी त्याच संध्याकाळी कोंबडीची व्यवस्था केली.

तेजश्रीला त्या रात्री झोप लागली नाही, यात नवल नाही. नवल याचं, की तिला विमलबाईंचा राग येईना. तिने पुष्कळ प्रयत्न करून पाहिला. राग यायला समोरच्याने थोडं तरी वाईट वागावं लागतं.

सकाळी वाटण शिजल्याचा वास सुटला तेव्हा ती पिशवी घेऊन सेटवर गेली. काम मागून, भरपूर माणसांत राहावं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पण सेटवर वेगळंच घडलं होतं. पाठमोरी बाई भाव खाऊन गेल्याची बातमी मॅडमपर्यंत पोचली होती, आणि आजपासून बांधावरचं सगळं चालणं आपण स्वतः करणार असं मॅडमनी जाहीर केलं होतं. कला म्हणजे शेवटी झिजणं असतं, असंही त्या म्हणाल्या. तेजश्रीला आजपासून काम नाही असं सांगण्यात आलं. मॅडम फाटकी साडी नेसून बांधावर उतरल्या.

शकूर टेंपोत रिकामी पातेली चढवत होता आणि एक झाकण कमी भरल्याबद्दल अख्ख्या चित्रपटसृष्टीला शिव्या देत होता. त्याने पिशवी बघितली, तिचं तोंड बघितलं.

"कुठं जायचंय?" तो म्हणाला. "सोडतो. मागं बस, पुढं अंड्यांचे ट्रे हायेत."

आजवर तिला शेकडो माणसांनी कुठली, कुणाकडची, कुठून आलीस असं विचारलं होतं. कुठं जायचंय हा प्रश्न तिने प्रथमच ऐकला. ती टेंपोत चढली आणि पातेल्यांच्या आडोशाला बसून मनसोक्त रडली. शकूरला आवाज येत असावा, पण तो झाकणाच्या विषयावरच बोलत राहिला.

टेंपो वळणाआड गेला आणि दुसरा टेंपो आला. त्यातून धोंडीमामा उतरला, ओटीचं सामान घेतलेली सासू उतरली, आणि इस्त्रीच्या शर्टात अक्षय उतरला. बांधावर फाटकी साडी पाठमोरी अडखळत चालली होती. (मॅडमना तेजश्रीची चाल दाखवून तशीच चालायला सांगितलं होतं.) अक्षयने धावत जाऊन तिचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. पण धरण्यापूर्वी चेहरा बघायची सवय त्याला नव्हती.

मॅडम किंचाळल्या. सासू "घरी चल गं, गपचूप" म्हणत पदर ओढू लागली. धोंडीमामा मध्ये पडून नेहमीप्रमाणे समजूत घालू लागला. दिग्दर्शकाने कॅमेरा थांबवू नका म्हणून खूण केली. अखेर मॅडमच्या तीन रक्षकांनी मिळून अक्षयला चिखलात आडवा केला, आणि फोन केल्यापासून अकराव्या मिनिटाला पोलीस हजर झाले. या वेळी त्यांनी चहा मागवला नाही. एका स्त्रीच्या अंगाला हात लावणं हा किती गंभीर गुन्हा आहे, हे साहेबांनी अक्षयला पाठीवर थापा मारूनच समजावलं, फक्त या खेपेला जोर वेगळा होता. कोंबडी अर्थातच वाया गेली नाही.

पुढे सिनेमा देशोदेशी गाजला. दाराचा प्रसंग बघून परक्या देशांतली थंड रक्ताची माणसंही रडली. बांधावरच्या झटापटीत नवऱ्याचं काम करणाऱ्या नवख्या नटाला काही समीक्षकांनी कृत्रिम म्हटलं. कर्जतला गावकऱ्यांसाठी खास खेळ ठेवला होता. खेळ संपल्यावर आबाजी रुमाल हातात घेऊन बोलायला उभे राहिले. "अशी एकादी पोर खरोखर आपल्या तालुक्यात आली तर आपन तिला अशी वाऱ्यावर सोडनार नाय," ते म्हणाले. त्यावर सगळं थेटर उभं राहून टाळ्या वाजवत होतं. सगळ्यात पुढे विमलबाई होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी अगदी खरं होतं. तेजू न सांगता गेली म्हणून त्या अजून हळहळतात. येणाऱ्याजाणाऱ्याकडे तिची चौकशीही करतात.

वाचकांच्याही जिवाला घोर लागला असेल, म्हणून सांगतो. ती सुखरूप आहे. काम करते. नाव अर्थातच इथे बदललेलं आहे, धोंडीमामाचंही. तरी खालापूरकडच्या जाणकारांनी टेंपो आणि मोडलेलं मनगट एवढ्यावरून दोन-तीन घरं एव्हाना मनात धरलीच असतील, आणि त्यातलं एखादं बरोबरही असेल. बाकीच्यांना फक्त एवढंच जाणून घ्यायचं असेल, की ती सध्या असते तरी कुठे. उगाच नाही, आपल्या जिवाला बरं वाटावं म्हणून. तुमचा प्रश्न प्रेमाचाच आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. विमलबाईंचाही प्रेमाचाच होता.